बाईंच्या राजीनाम्याला संदर्भ हवा

सोमवार, ५ फेब्रुवारी

ज्ञानकोशात विशेषणं चालत नाहीत, हे मला आज एका घुबडाने शिकवलं.

वही नवी आहे, तेव्हा तिला सगळं पहिल्यापासून सांगायला हवं. इंटरनेटवर एक मुक्त ज्ञानकोश आहे. कोणीही उठून लिहावं आणि कोणीही उठून खोडावं, असा तिथला खुला कारभार. त्यात आमच्या बाईंवर एक लेख आहे. बाई म्हणजे आमच्या शहराच्या दोन वेळच्या नगराध्यक्ष. त्याआधी शाळेत गणित शिकवायच्या, म्हणून सगळं शहर त्यांना अजून बाईच म्हणतं, त्यांच्या विरोधात मत देणारेसुद्धा. लेख कसला, आठ ओळींचं टिचभर प्रकरण. टेकडीवरच्या वस्तीत नळ त्यांनी नेले, ते त्यात नाही. बाजारात बायकांसाठी स्वच्छतागृह बांधलं आणि उद्घाटनाला मोठ्या पुढाऱ्याऐवजी एका भाजीवालीला बोलावलं, तेही नाही. आणि शेवटची ओळ अशी: ‘पाणीपुरवठ्यातील गैरव्यवहाराच्या आरोपांमुळे त्यांना राजीनामा द्यावा लागला.’

वाचून माझा तिळपापड झाला. बाई आणि गैरव्यवहार! सरकारी गाडी नाकारून सायकलवर कचेरीत जाणारी बाई! माझ्या चष्म्याच्या दुकानात सकाळी गिऱ्हाईक नसतं, म्हणून मी बसून लेख सुधारला. तेजस्वी, निःस्पृह, करारी, दूरदर्शी, जे जे आठवलं ते घातलं आणि ती घाणेरडी ओळ उडवून दिली. जेवून येऊन बघते तर सगळं होतं तसं! कोणी एक संपादक आहे, नावाऐवजी नुसते आकडे आणि फोटोच्या जागी घुबड. त्याने माझी विशेषणं एकेक करून खुडली होती आणि ती ओळ परत लावली होती. खाली टीप: ‘कौतुक नको. माहिती द्या. माहितीला संदर्भ द्या.’

तर खुडलेली विशेषणं वाया जाऊ नयेत म्हणून ही वही. बाई तेजस्वी आहेत. निःस्पृह आहेत. करारी आहेत. घुबडा, ये आता इथे खोडायला.

आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "तुला दुसरे उद्योग नाहीत का? त्या देवमाणसाला म्हातारपणी सुखाने राहू दे की." मी सुखच द्यायला निघाले आहे, हे तिला कोण सांगणार.

शनिवार, १० फेब्रुवारी

पाच दिवस नियम वाचण्यात गेले. नियम साधा आहे आणि डोकं फिरवणारा आहे. लेखातली प्रत्येक गोष्ट कुठेतरी छापून आलेली हवी. तुम्हाला ती माहीत आहे, याला किंमत शून्य. ती खरी आहे, यालाही शून्य. जिथे छापील पुरावा नसेल तिथे कंसात चिकटतं, ‘संदर्भ हवा’.

बाईंच्या जन्मतारखेपासून सुरुवात केली. शाळेच्या स्मरणिकेत एक तारीख, निवडणुकीच्या पत्रकात दुसरी आणि एका साप्ताहिकात तिसरी. मी घुबडाला लिहून विचारलं, "थेट बाईंनाच विचारून आले तर?" घुबडाचं उत्तर: ‘त्या व्यक्तीने तोंडी सांगितलेले ग्राह्य नाही.’ म्हणजे बाई जन्माला आल्या की नाही, हे बाईंना विचारायचं नाही! मी हसत सुटले. आईला वाचून दाखवलं तर तीही हसली, पण मग म्हणाली, "राजीनाम्याच्या भानगडीत मात्र शिरू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची."

बाईंबद्दलची भक्ती मला आप्पांकडून, म्हणजे माझ्या वडिलांकडून मिळाली. आप्पा पाणी शुद्धीकरण केंद्रावर ऑपरेटर होते. साहेब समोर आला तरी खुर्चीतून न उठणारा माणूस, पण रस्त्यात बाई दिसल्या की सायकलवरून उतरून बाजूला उभा राहायचा. आणि कामाची निष्ठा काय वर्णावी! मी शिकायला बाहेरगावी होते त्या काळात त्यांनी म्हणे रजा घेणंच बंद केलं. निवृत्तीपर्यंत एक रजा नाही. घरी पाण्याचा पेला तोंडाला लावण्याआधी हुंगून बघायचे, आणि आम्हालाही हुंगल्याशिवाय पिऊ द्यायचे नाहीत. अशी माणसं आता होत नाहीत.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

आज मी चोर पकडला! अगदी मुद्देमालासकट.

‘गैरव्यवहार’ या शब्दाला लेखात एक संदर्भ आहे: आमच्याच शहरातलं साप्ताहिक, नऊ वर्षांपूर्वीचा एक अंक. त्याचे संपादक माझं जुनं गिऱ्हाईक. आज चष्म्याचा दांडा मोडला म्हणून आले, तसं मी त्यांना सरळ विचारलं, "गैरव्यवहार झाला हे तुम्हाला कुठून कळलं?"

"कुठून म्हणजे? ज्ञानकोशात आहे की."

"ज्ञानकोशात तुमचा दाखला दिलाय!"

"असं?" ते दांडा नसलेला चष्मा नाकावर धरून माझ्याकडे बघत राहिले. "मग आम्ही कोणाचा दिला होता?"

लेखाचा इतिहास उघडला. तिथे प्रत्येक बदलाची तारीख राहते. तो शब्द कोणीतरी अनामिकाने आधी ज्ञानकोशात घातला. मग यांनी तो उचलून छापला. मग त्यांचा छापील अंक संदर्भ म्हणून ज्ञानकोशात येऊन बसला. दोन खोटारडे एकमेकांना जामीन! मी हे सगळं तारखांसकट घुबडापुढे मांडलं आणि बघता बघता तो शब्द गेला. घुबडाने खाली लिहिलं: ‘उत्तम काम.’ ही शाबासकी बाईंना मिळाली असती तरी एवढं वाटलं नसतं, इतका मला आनंद झाला. मग लगेच दुसरी ओळ: ‘तरीही राजीनाम्याचे कारण काय? संदर्भ हवा.’

निघताना संपादकांनी हळूच सांगितलं की बाईंच्या हृदयाचं दुखणं वाढलंय, आणि साप्ताहिकाने त्यांचा मृत्युलेख आधीच लिहून ठेवलाय. "सगळेच ठेवतात हो, रीतच आहे. त्यात तो गैरव्यवहार आहे. काढतो. पण त्या जागी काय घालू?"

म्हणजे बाई गेल्यावर शहर त्यांना कसं आठवणार, हे त्या एका ओळीवर ठरणार आहे. ती ओळ मी बाई असतानाच नीट करणार. त्यांना ती वाचता आली पाहिजे.

बुधवार, २१ फेब्रुवारी

बाईंकडे जाऊन आले. तोंडी सांगितलेलं चालत नसेल, पण निदान कुठे शोधायचं ते तर कळेल. निघताना आई म्हणाली, "आप्पांचं नाव काढू नकोस तिथे." का, ते सांगितलं नाही.

दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. दार त्यांनीच उघडलं, काठी टेकत. खिडकीशी खुर्ची, खुर्चीवर भिंग आणि लाल पेन. वर्तमानपत्रातल्या टक्केवारीच्या चुका त्या लाल पेनाने दुरुस्त करत बसतात. "हे बघ," म्हणाल्या, "यांची बेरीज एकशे चार टक्के होते, आणि छापणाऱ्याला काही वाटत नाही." एवढ्या आजारी, पण आवाज अजून वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा. मी त्यांना बघतच राहिले. इतकी वर्षं लांबून बघितलेलं माणूस समोर बसून बिस्किटाचा डबा पुढे करतं, तेव्हा जीभ जड होते.

"तू कोणाची गं?" त्यांनी विचारलं.

आणि मी आईचं सांगणं विसरले. म्हटलं, "पाण्याच्या केंद्रावर ऑपरेटर होते ना, त्यांची मुलगी."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "आहेत?"

"सहा वर्षं झाली जाऊन."

"त्रास झाला का?"

"नाही, झोपेतच गेले."

"झोपेत." त्यांनी पेन बाजूला ठेवलं. "त्यांना झोप लागायची का गं, नंतर?"

हा काय प्रश्न? आप्पांना झोप जेमतेमच होती, ते खरं. पण ते बाईंना कसं ठाऊक?

मग मी राजीनाम्याचं विचारलं. तेव्हा मी इथे नव्हते, एवढंच माहीत आहे की पाणी बिघडून शहरात आजार पसरला आणि नंतर बाई गेल्या. बाई म्हणाल्या, "चूक माझी होती. तेवढंच लिही."

"कसली चूक?"

"प्रश्नपत्रिका संपली," त्या म्हणाल्या आणि मला दारापर्यंत सोडायला उठल्या. दारात माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी आता पन्नाशी ओलांडली आहे, पण जिना उतरेपर्यंत मला ते वय आठवलं नाही.

शुक्रवार, २३ फेब्रुवारी

मनात एक विचार आला आहे आणि तो जात नाही. लिहायलाही लाज वाटते, पण ही वही माझी आहे.

आप्पांचं बाईंवर प्रेम होतं का?

सगळं जुळतं. ते सायकलवरून उतरणं. आईचं ‘नाव काढू नकोस’. बाईंचं ते झोपेबद्दल विचारणं! आणि बाईंनी लग्न केलं नाही, हेही आहेच. आईकडे आज चोरून बघितलं. बिचारी मटार सोलत होती. इतकी वर्षं गिळून बसली असेल. मला आप्पांचा राग यायला हवा, पण खरं सांगायचं तर थोडा अभिमानच वाटला. आमच्या आप्पांची नजर वरच्या दर्जाची होती म्हणायची.

मंगळवार, २७ फेब्रुवारी

वाचनालयाच्या मागच्या खोलीत जुनी वर्तमानपत्रं वर्षवार बांधून ठेवली आहेत. धूळ अशी की शिंकून शिंकून नाक लाल झालं. पण सापडलं! चौतीस वर्षांपूर्वीची बातमी. एका रात्री पाण्यात क्लोरीन पडलंच नाही. तेच पाणी सकाळी नळांना गेलं. शाळेतली पोरं आजारी पडली, दवाखान्याचे वॉर्ड भरले. कोणी दगावलं नाही, एवढं नशीब. आणि मग सभेचा वृत्तांत. विरोधक ओरडत होते की त्या रात्री पाळीवर कोण होतं त्याचं नाव सांगा. ‘नगराध्यक्षांनी नाव सांगण्यास ठाम नकार दिला. जबाबदारी माझी आहे, एवढे बोलून त्यांनी राजीनामा सादर केला.’

मी ते उभ्याउभ्या तीनदा वाचलं. दुसऱ्याचं पाप बाईंनी निमूटपणे अंगावर घेतलं! आणि तो? तो हरामखोर तोंड दाबून बसला. बाई बदनाम झाल्या, राजकारणातून उठल्या, आणि हा आरामात पगार खात राहिला. त्याला मी शोधून काढणार. केंद्रावर माणसं होतीच किती? एक तो झुपकेदार मिश्यांचा, आप्पांबरोबर कधीतरी घरी यायचा. मला तो तेव्हापासूनच आवडत नव्हता. आप्पांना नक्की माहीत असणार. आज असते तर मी त्यांच्याकडून वदवून घेतलं असतं.

जेवताना हे सगळं आईला तावातावाने सांगितलं. तिने घास खाली ठेवला.

"मिश्यावाला नव्हे," ती म्हणाली.

"मग कोण? तुला माहीत आहे?"

ती उठली आणि ताट उचलून आत गेली. बराच वेळ आत नळ चालू होता.

बुधवार, २८ फेब्रुवारी

आप्पा होते.

सकाळी आईने मला दुकान उघडू दिलं नाही. समोर बसवलं आणि सांगितलं. पाळीवर दोन ऑपरेटर असायला हवेत, पण दुसऱ्याची जागा वर्षभर रिकामी होती. मिश्यावाला आजारी पडला, म्हणून आप्पांनी लागोपाठ पाळ्या केल्या. तिसऱ्या रात्री बसल्या जागी डोळा लागला. जाग आली तेव्हा उजाडलं होतं आणि क्लोरीनची टाकी कधीच रिकामी झाली होती. त्यांनी नवी टाकी जोडली आणि गप्प बसले. मग पोरं आजारी पडायला लागली.

"चार दिवस जेवले नाहीत," आई म्हणाली. "पाचव्या दिवशी उठले आणि सरळ बाईंच्या घरी गेले. मला म्हणाले, मी आता परत येईन असं धरू नकोस. मी दारातच बसून होते. दोन तासांनी आले. म्हणाले, बाई म्हणाल्या, उद्या कामावर या आणि परत एकट्याने पाळी करू नका. बस. दुसऱ्या दिवशी सभेत त्यांनी राजीनामा दिला. ह्यांना आधी माहीतसुद्धा नव्हतं."

"आणि आप्पा नंतरही गप्प राहिले?"

"बाईंनी शपथ घातली होती. आणि तू शिकत होतीस. घरात पगार तेवढाच." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणि भ्यालेही होते. ते का लपवायचं?"

काल मी याच पानांवर त्यांना काय म्हटलं, ते वर आहे. ज्ञानकोशात लिहिलेलं खोडता येतं. इथे खोडायचं नाही असं ठरवलंय.

आणि ते प्रेमाचं! मी किती मूर्ख आहे. आईला ते सांगितलं, तर एवढं सगळं रडून झाल्यावर ती खो खो हसली. "तुझे आप्पा? अगं, त्यांना माझ्याशी दोन शब्द धड बोलता यायचे नाहीत!"

रविवार, ३ मार्च

घुबडाने विचारलं: ‘कारण सापडले का?’ मी लिहिलं: ‘नाही.’

पहिल्यांदाच तिथे खोटं लिहिलं. सभेचा वृत्तांत माझ्याकडे आहे, त्याची ओळसुद्धा मी घातली नाही. घातली की कोणीतरी माझ्यासारखाच तावातावाने विचारणार, पाळीवर कोण होतं? आठवडाभर हेच चाललंय. बाईंचं नाव स्वच्छ करायला निघाले होते, आणि आता ते स्वच्छ करायचं तर फडकं आप्पांच्या अंगावरून फिरवायला लागणार. इकडे आड, तिकडे विहीर. आप्पा मला हवे आहेत तसेच हवे आहेत. आणि बाईंच्या मृत्युलेखात राजीनाम्यापुढे रिकामी जागा राहणार, जिच्यात ज्याने त्याने आपल्याला हवं ते भरावं.

आईला म्हटलं, जाऊ दे, बाईंचीही हीच इच्छा आहे. आई काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा जपून राहावं, हे मला एव्हाना कळायला हवं होतं.

गुरुवार, १४ मार्च

आईने घात केला! की उपकार, तेच समजत नाही.

मी काचांचा माल आणायला गेले होते तेव्हा ही बया एकटी रिक्षा करून साप्ताहिकाच्या कचेरीत गेली. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे असे की आमचाच जिना चढताना दोनदा थांबते. संपादकांपुढे बसून सगळं सांगून आली. आज अंक आला. आप्पांचं पूर्ण नाव, त्यांचा फोटो आणि खाली आईचे शब्द. मी तिच्यावर अशी ओरडले की खालच्या दुकानातलं गिऱ्हाईक वर बघायला लागलं.

"मला विचारायचं तरी!"

"तू नको म्हणाली असतीस."

"आप्पांची अब्रू..."

"अब्रूच म्हणतेय मी," आई म्हणाली. "माणूस पेला हुंगून हुंगून मेला. त्यांना सांगायचंच होतं गं, आयुष्यभर. भ्याले आणि राहून गेलं. आता ते नाहीत, मी आहे. मग कोणी सांगायचं?"

मी चर्चापानावर गेले. लेखामागचं हे पान, तिथे संपादक आपापसात बोलतात. लिहिलं: ‘कारण सापडले. संदर्भ जोडत आहे. तो कर्मचारी माझे वडील होते. आपल्या माणसांबद्दल लिहू नये या नियमानुसार हा भाग मी लिहू शकत नाही. तुम्ही लिहावा. मागच्या वेळी मी खरे सांगितले नव्हते.’

बऱ्याच वेळाने घुबडाचं उत्तर आलं. एवढंच: ‘लिहितो. तुम्ही वाचून घ्या.’

त्याने लिहिलेली ओळ कोरडी ठणठणीत आहे. ‘कर्मचाऱ्याच्या पत्नीने दिलेल्या मुलाखतीनुसार.’ त्यात चुकूनसुद्धा दया नाही की ठपका नाही. मी खाली एवढंच लिहिलं: ‘वाचले.’

रविवार, १७ मार्च

बाई घरी आल्या. हृदयाचं दुखणं घेऊन, काठी टेकत, आमचा उभा जिना चढून. मी खुर्ची पुढे केली तर म्हणाल्या, "आधी भांडू दे." आणि उभ्यानेच आईवर कडाडल्या, "मी चौतीस वर्षं तोंड उघडलं नाही, ते काय तुम्ही एका सकाळी गावभर करावं म्हणून?"

आई भांडणात कधी मागे हटलेली नाही. "तुम्ही उघडलं नाहीत, ते उपकार आहेत. पण गप्प बसून ते सुटले नाहीत, बाई. ते मी बघितलं, तुम्ही नाही."

बाई खाली बसल्या. मी पाणी दिलं. पेला खाली ठेवून त्या म्हणाल्या, "बरं, सांगितलंत. पण गणित अर्धंच सोडवलंत. अर्ध्याचे गुण मी देत नाही."

मग त्यांनी राहिलेलं अर्धं सांगितलं. केंद्रावरची रिकामी जागा भरायचा प्रस्ताव त्यांच्याच टेबलावर सात महिने पडून होता. पैसे एका कामालाच पुरणार होते. एक तर ऑपरेटर नेमायचा, नाहीतर टेकडीवरच्या वस्तीत नळ न्यायचे. बाईंनी नळ निवडले. "इंजिनिअर दोनदा सांगून गेला होता की एकटा माणूस किती रात्री जागेल? मी म्हटलं, अजून थोडं निभावा. तुझे आप्पा माझ्यासमोर हात जोडून रडत होते, आणि मला तो कागद दिसत होता. नाव कोणाचं सांगायला हवं होतं? मी माझंच सांगितलं. मोठेपणा बिठेपणा काही नव्हता त्यात. नुसतं उत्तर होतं."

"मग हे तेव्हाच का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न तोच होता, एकटा म्हणजे कोण?" त्या म्हणाल्या. "आता ते नाव तुम्हीच सांगून मोकळ्या झालात. आता मला कोण अडवणार? बोलाव त्या साप्ताहिकाच्या संपादकाला."

ज्या नळांसाठी मी त्यांना इतकी वर्षं डोक्यावर घेतलं, तेच ते नळ. मला वाटलं होतं, असं काही कळलं तर मनातून माणूस थोडा तरी उतरतो. बाई उतरल्या नाहीत. आपल्या सगळ्यांत चांगल्या कामाखाली स्वतःच्या हाताने लाल रेघ मारणारी बाई मी दुसरी बघितलेली नाही. घुबड असतं तर म्हणालं असतं, कौतुक नको. पण मला त्यांचं कौतुकच वाटतं आणि मी ते करणार.

संपादक आले. दोघी म्हाताऱ्या शेजारी शेजारी बसून चूक जास्त कोणाची यावर वाद घालत होत्या आणि ते बिचारे मान इकडून तिकडे वळवत लिहून घेत होते. मध्येच आई म्हणाली, "झोपले ते हेच ना? ते तरी आमच्याकडे राहू द्या!"

शनिवार, २३ मार्च

लेखातला तो भाग आता असा आहे: ‘शुद्धीकरण केंद्रातील रिक्त पद त्यांनी सात महिने भरले नव्हते. त्या काळात सलग तिसऱ्या रात्री एकट्याने पाळी करणाऱ्या कर्मचाऱ्याला झोप लागली व क्लोरीनविना पाणी पुरवले गेले. कर्मचाऱ्याचे नाव जाहीर करण्यास नकार देऊन त्यांनी राजीनामा दिला.’ पुढे आप्पांचं नाव आणि दोन्ही मुलाखतींचे संदर्भ. त्यावर कंसात काही चिकटलेलं नाही.

बाईंना फोनवर वाचून दाखवलं. म्हणाल्या, "बरोबर आहे." त्यांच्या वर्गात बसलेले लोक सांगतात की याहून मोठी शाबासकी त्यांनी कधी कोणाला दिली नाही.

मंगळवार, २६ मार्च

साप्ताहिकाचे अंक बाहेर पडल्यापासून मी रोज वाट बघत होते की कोणीतरी दुकानात येईल आणि तोंडावर बोलेल. पोरं शेकड्यांनी आजारी पडली होती, ती आता माझ्याच आसपासच्या वयाची असणार. दोघं-तिघं जण येऊन चांगलं बोलून गेले. एकाने समोरच्या दुकानात उभं राहून मला ऐकू येईल असं वाईट बोलून घेतलं. मी त्याला बोलू दिलं. त्याची आई तेव्हा महिनाभर दवाखान्यात होती.

आज एक बसड्रायव्हर आले. पंचेचाळिशीचे असतील, जवळचं दिसेनासं झालंय. मी त्यांना खुर्चीत बसवलं, भिंगं बदलत गेले, ते अक्षरं वाचत गेले. मध्येच म्हणाले, "मी होतो त्या वॉर्डात. चौथीत होतो."

मी हातातलं भिंग खाली ठेवलं. म्हटलं, "मला फार वाईट वाटतं हो."

"नाही, त्यासाठी नाही सांगितलं," ते म्हणाले. "पेपरातला फोटो बघितला तुमच्या वडिलांचा, म्हणून आलो. म्हणजे चष्मा हवाच होता, पण म्हणूनही आलो. बाई रोज यायच्या वॉर्डात, आम्हाला पाढे म्हणायला लावायच्या. आणि खिडकीबाहेर एक माणूस येऊन उभा राहायचा. रोज. सायकल धरून. आत यायचा नाही, काही बोलायचा नाही, नुसता एकेका खाटेकडे बघायचा. नर्सने विचारलं की जायचा. सगळ्यांचे आईबाप आत यायचे, हाच का बाहेर, म्हणून आम्ही पोरं बोलायचो. आम्हाला वाटायचं, आपल्यातल्याच कोणाचा तरी बाप आहे."

मी त्यांच्या डोळ्यांवरची चौकट काढली. बाजूला ठेवली.

"तो फोटो बघितला आणि ओळखलं," ते म्हणाले. "हेच ते."

दुकान बंद करून वर गेले आणि आईला सांगितलं. तिला हे माहीत नव्हतं. हे तिलाही त्यांनी सांगितलं नव्हतं. ती भिंतीला टेकून बसली आणि मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. मी सांगितलं. मग तिने विचारलं, "तू काय म्हणालीस त्याला?"

"म्हटलं, बरोबर वाटायचं तुम्हाला. माझा बाप होता."